यादीतलं चौथं नाव

“नाही गं, आमच्यातला नाही कुणी,” आशालता म्हणाली आणि कपातली चहाची पिशवी चमच्यानं दाबत राहिली. पाणी तांबूस झालं, मग काळं झालं, तरी ती दाबतच होती. सलोनीनं फोन अजून तिच्यासमोर धरला होता. सलोनी पुण्याची, लॅबमध्ये लागून तिला दोनच महिने झालेले. तिचा नवरा रणजित याला जगातल्या कुठल्याही खेळाचे आकडे वाचत बसायचा नाद. यंदा ऑकलंडचा एक संघ ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक बेसबॉल लीगमध्ये उतरला, म्हणून त्यानं त्या लीगचे मागचे मोसम उपसायला घेतले होते. त्यात गेल्या मोसमाची ही यादी निघाली, सगळ्यांत जास्त स्ट्राइकआउट घेणारे पिचर. “पिचर म्हणजे त्यांचा बोलर हो, आशाताई. समोरच्याला तीन स्ट्राइकमध्ये बाद केलं की एक स्ट्राइकआउट.” पहिले दोघे अमेरिकन, तिसरा जपानी, आणि चौथा एस. मेश्राम, अठ्ठावन्न. “रणजित म्हणाला, विचार तरी, नात्यातला असेल. मेश्राम आणि बेसबॉल! कसलं भारी ना?” आशालता म्हणाली, “नागपुरात मेश्राम ढिगानं आहेत,” आणि कप तसाच सिंकमध्ये ओतून कामाच्या खोलीत निघून गेली.

हातमोजे चढवताना तिच्या लक्षात आलं की आपण घाबरलो वगैरे नव्हतो. शब्द सहज निघाला होता, साखर हवी का म्हणून कुणी विचारावं आणि नको म्हणावं तसा. हेच तिला बोचायला लागलं. तिनं मनाशी एक कारण मांडून पाहिलं. आडनावावरून कुणी काही विचारलं की तिच्या आत कुठेतरी एक दार आपोआप लागतं. लग्नानंतर शिकायला पुण्याच्या हॉस्टेलवर असताना खोलीतल्या मुलीनं पहिल्याच संध्याकाळी गोड हसून विचारलं होतं, मेश्राम म्हणजे नक्की कोण गं? तेव्हापासून छोटी उत्तरं द्यायची सवय लागली. क्राइस्टचर्चमध्येसुद्धा गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत हाच प्रश्न तिला तीनदा वेगवेगळ्या कपड्यांत भेटला होता. पण सलोनीच्या डोळ्यांत तसलं काही नव्हतं, नुसता आनंद होता. ओळखीचं नाव परक्या यादीत सापडल्याचा. कारण टिकलं नाही. आशालतानं सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवली आणि पांढऱ्या पेशी मोजायला घेतल्या. शंभर मोजायच्या, प्रत्येक जातीसाठी वेगळं बटण. वीस वर्षं ती हे करत आली होती, बोटं आपली आपण चालत. त्रेचाळीसला ती थांबली. चव्वेचाळीस की त्रेचाळीस? पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अठ्ठावन्नला बोट बटणावर राहिलं आणि खाली गेलंच नाही.

साडेचारला गाडी घराकडे, हॉल्सवेलच्या रस्त्याला लागायची, ती एव्हनसाइडकडे वळली. तिनं वळवली असं म्हणता येणार नाही. त्या बाजूला आता कुणाचं काही काम नसतं. रस्ते आहेत, फुटपाथ आहेत, गाडी आत घ्यायला केलेले उतारसुद्धा आहेत, पण घरं नाहीत, भूकंपानंतर ती पाडली. सगळीकडे गवत, आणि त्यात मधूनच कुणाच्या परसातलं प्लमचं झाड, कुणाच्या कुंपणाचे गुलाब. झाडांच्या खुणेवरून आपला प्लॉट ओळखायचा. त्यांच्या जुन्या घराचं लिंबाचं झाड अजून होतं. तिनं गाडी थांबवली, काच खाली केली. जानेवारीचं ऊन गवतावर सपाट पसरलं होतं. इथे, या लिंबापासून दहा पावलांवर, गॅरेजची ब्लॉकची भिंत होती.

२०११च्या फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी एक वाजायला नऊ मिनिटं कमी असताना ती लॅबमध्ये उभी होती आणि जमीन एकदम वर आली. हलली नाही, वर आली. मग सगळ्या काचा एकदम बोलल्या. त्यानंतरचं तिला सलग आठवत नाही, तुकडे आठवतात. रस्त्यांतून वर आलेला करडा गाळ, त्यात तिचे बूट घोट्यापर्यंत बुडत होते. एका बाईनं हातात कुत्रा घेतला होता आणि ती कुत्र्याला मोठ्यानं पत्ता सांगत होती. शाळेपाशी पोचली तर शाळा रिकामी, मुलांना कुठेतरी हलवलं होतं, कुठे ते नक्की कुणाला ठाऊक नाही. प्रमोद बांधकाम इंजिनियर, तो त्या क्षणापासून महापालिकेसाठी इमारती तपासून त्यांवर धोक्याप्रमाणे लाल, पिवळे, हिरवे कागद चिकटवायला लागला होता. त्याचा फोन लागत नव्हता, कुणाचाच लागत नव्हता. पाच तास. पहिल्या तासात ती पळत होती. दुसऱ्या तासात तिनं विचारणं सुरू ठेवलं, पण आवाज बदलला होता. तिसऱ्या तासात, एका मोडक्या चर्चच्या समोरून जाताना, तिच्या आत काहीतरी अगदी शांतपणे खाली बसलं आणि तिला कळलं की तो गेला. चौदा वर्षांचा सुगत गेला. त्यानंतरचे दोन तास ती मेलेल्या मुलाची आई म्हणून चालली. नागपूरला, इंदोऱ्यात सासूबाईंना फोन कसा करायचा, कुठले शब्द वापरायचे, हे तिनं ठरवलंसुद्धा होतं. संध्याकाळी सहाला एका पार्कमध्ये तो कुणाच्या तरी ब्लँकेटवर बसलेला सापडला. तळहात धुळीनं करडे. ‘हाय, आई,’ म्हणाला. सगळे म्हणाले, सुटलीस बाई. तीही म्हणाली, सुटले.

नंतर जमीन दोन वर्षं थरथरत राहिली. रोज, कधी दिवसातून दहादा. आणि त्याच हिवाळ्यात सुगतनं कुठून तरी एक पांढरा, लाल टाक्यांचा चेंडू आणला आणि गॅरेजच्या भिंतीवर फेकायला लागला. धप्. थांब. धप्. थांब. ती स्वयंपाकघरात कणीक मळत असायची. प्रत्येक धपला तिचे गुडघे आधीच दाराच्या चौकटीकडे निघायचे आणि मग डोक्याला कळायचं की हा चेंडू आहे. तिनं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. एकदा पोळपाटावरचं लाटणं हातात घेऊन बाहेर गेली होती. मारायला नाही, तिच्या हातात ते राहून गेलं होतं इतकंच, पण त्यानं लाटण्याकडे पाहिलं ते तिला अजून दिसतं. त्यानंतर तो घरी फेकेनासा झाला. ओस पडलेल्या घरांकडे जाऊन फेकायचा, अंधार पडताना यायचा. घर गप्प झालं, आणि तेव्हा पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं की आवाज येत होता तोवर तो कुठे आहे हे तिला कळत होतं. हे ती कुणाजवळ बोलली नाही. स्वतःजवळसुद्धा आत्ता, गाडीत बसून, पहिल्यांदा बोलत होती.

२०१५च्या जुलैत, इंजिनियरिंगचं पहिलं वर्ष अर्धं झालेलं असताना, त्यानं सांगितलं की पर्थच्या संघानं करार देऊ केलाय, मी चाललो. चार दिवस घरात आवाज होते. प्रमोद मधे उभा राहून दोघांना पाणी आणून द्यायचा. पाचव्या दिवशी दुपारी बॅग दारात होती आणि टॅक्सी येऊन उभी होती. तिच्या मनात सांगायचं होतं ते असं होतं: तुला मी एकदा घालवून बसले आहे, दुसऱ्यांदा मला जमणार नाही. तोंडातून निघालं ते असं: “त्या भूकंपानं नेलं असतं तुला, तर निदान रडता तरी आलं असतं.” सुगतनं बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट केला. “ओके,” म्हणाला. टॅक्सीचं दार लागलं. प्रमोदनं तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ती एक इमारत होती आणि तिच्यावर कुठल्या रंगाचा कागद चिकटवायचा हे तो ठरवत होता. “या घरात त्याचं नाव घ्यायचं नाही,” ती म्हणाली. हेही तिला म्हणायचं नव्हतं. पण ते पाळलं गेलं. दर रविवारी सकाळी प्रमोद गाडी पुसायला म्हणून फोन घेऊन गॅरेजमध्ये जायचा, तासाभरानं हसऱ्या चेहऱ्यानं परत यायचा आणि आत येता येता चेहरा पुसून टाकायचा. त्या तासाला ती मुद्दाम भांडी घासायला घ्यायची, नळ मोठा सोडून, आतलं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून. साडेतीन वर्षं तिनं रविवारची भांडी मशीनमध्ये लावली नव्हती.

तिनं फोन काढला आणि यादी शोधली. लागलीच सापडली. इतकी सोपी होती, कधीही पाहता आली असती. एस. मेश्राम. पुढे आकड्यांची रांग होती. किती डाव, किती सामने, किती जणांना फुकट पहिल्या तळावर जाऊ दिलं, किती जणांना चेंडू लागला. सात जणांना लागला होता. कुणाला लागला असेल, कुठे, याला वाईट वाटलं असेल का? लहानपणी मांजराच्या शेपटीवर पाय पडला तर दिवसभर जेवायचा नाही. एका सामन्याचा तपशील उघडला तर स्ट्राइकआउटच्या जागी इंग्रजी के हे अक्षर. काही के सरळ, काही उलटे, आरशात पाहिल्यासारखे. खाली बारीक अक्षरात खुलासा होता: फलंदाजानं बॅट न फिरवता नुसतं पाहत राहून तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू जाऊ दिला, तर उलटा के. तिनं त्या सामन्यातले उलटे के मोजले. चार निघाले. चार माणसं तिच्या मुलासमोर उभी होती आणि चेंडू येताना नुसती पाहत राहिली. तिला त्या चौघांचा हेवा वाटला, साधा, पोटातून येणारा. त्यांनी त्याला समोरून पाहिलं होतं. चेंडू सोडताना तो ओठ दाबतो का, घाम डाव्या बाहीला पुसतो का, हे त्यांना ठाऊक होतं. मग तिनं या मोसमाची यादी उघडली. मोसम निम्म्याच्या पुढे गेला होता. पहिल्या दहांत तो नव्हता. पन्नासात नव्हता. ती खाली सरकवत राहिली, एकेक स्ट्राइकआउटवाले लोक आले, शून्यवाले आले, यादी संपली. संघाच्या पानावर त्याचा फोटोही नव्हता. लिंबाच्या झाडावर एक पक्षी उतरला आणि उडाला. आठ वर्षांपूर्वीच्या दुपारचा तिसरा तास पुन्हा सुरू झाला होता.

जेवताना तिनं सरळ विचारलं. “सुगत कुठे आहे?”

प्रमोदनं हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग उचलला, मग परत ठेवला. “ऑकलंडला.”

“कधीपासून?”

“ऑगस्टपासून. उजव्या कोपराचं ऑपरेशन झालं त्याचं. नस तुटली होती आतली.”

“आणि तुम्ही मला सांगितलं नाही.”

“तूच म्हटलं होतं, नाव घ्यायचं नाही. मी नाही घेतलं.” त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला बरं वाटलं असतं.

“ऑपरेशनला कोण होतं?”

“मी होतो. ते वेलिंग्टनच्या मीटिंगचं सांगितलं होतं ना, चार दिवसांचं. तेव्हा.”

ती बॅग तिनंच भरली होती. चार शर्ट, आणि वेलिंग्टनला वारा फार म्हणून लोकरीची टोपी. टोपी घालून तो ऑकलंडच्या हॉस्पिटलात मुलाच्या उशाशी बसला असेल. तिला हसू यायला लागलं, आणि ते हसू नाही हे कळायच्या आत प्रमोद उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. “आता बरा आहे तो,” म्हणाला. “हिल्सबरोला राहते, आपला यतीन वासनिक आहे त्याच्याकडे. पेंटच्या दुकानात काम करून राहिला सध्या. फेकायला सुरुवात केली त्यानं, थोडं थोडं. पुढच्या मोसमात दिसेल.”

“पत्ता द्या मला.”

“मी येऊ?”

“नको.”

शनिवारी सकाळच्या विमानात तिनं तीन वाक्यं पाठ केली आणि ऑकलंड दिसेपर्यंत तिन्ही विसरली. प्रमोदनं त्याला कळवलं होतं. तो काय म्हणाला असं विचारल्यावर प्रमोद म्हणाला, “ओके म्हणाला.” दार यतीननं उघडलं, पायांत रबरी चपला, हातात इस्त्री. “जय भीम, काकू. या ना. तो खाली पाण्याकडे गेलाय, येईल. की मी बोलावू?” ती म्हणाली, थांब, पाणी दे आधी. स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर एक छापील तक्ता लावला होता. तारखा, किती अंतरावरून, किती चेंडू फेकायचे. प्रत्येक रकान्यात हिरव्या पेनाची खूण होती, मुलानं शाळेतलं वेळापत्रक पाळावं तशी टापटीप. बारा डिसेंबरपर्यंत. त्यापुढचे रकाने कोरे होते. तिनं ग्लास हातात धरून ते कोरे रकाने दोनदा वाचले. “वाट कुठून आहे रे?” तिनं विचारलं.

वाट झाडीतून पायऱ्यापायऱ्यांनी उतरत होती. खाली मनुकाऊचं बंदर, पण पाणी ओहोटीनं पार लांब गेलेलं. नुसता चिखल चमकत होता आणि काठाला बुटकी तिवरं. एका ओंडक्यावर तो बसला होता, पाठमोरा. खांदे एवढे रुंद कधी झाले? तिनं तिथेच उभं राहून थोडा वेळ पाठ पाहून घेतली, कारण चेहरा वळला की बोलावं लागणार होतं.

“हाय, आई,” तो म्हणाला. शेजारच्या खोलीतून ती आली असावी तसा.

ती ओंडक्यावर बसली. दोघांमध्ये एक माणूस मावेल एवढी जागा राहिली. “हात बघू,” ती म्हणाली.

“ठीक आहे गं.” पण त्यानं बाही वर केली. कोपराच्या आतल्या बाजूला वीतभर व्रण, गुलाबी, थोडा वाकडा. मनगटापाशी आणखी एक छोटा. “इथली टेंडन काढून तिकडे लावली. विअर्ड ना? माझीच, फक्त जागा बदलली.”

तिनं व्रणाला हात लावला नाही. म्हणाली, “आमच्याकडे सलोनी म्हणून एक मुलगी आहे. तिनं गेल्या वर्षीची यादी दाखवली मला. चौथा तू. तिनं विचारलं, तुमचा कोण. मी सांगितलं, कुणी नाही.”

त्यानं बाही खाली ओढून हात खिशात घातला. “फेअर इनफ,” म्हणाला. मग, “तिसरा झालो असतो. तो जपानी फक्त दोननं पुढे होता. लास्ट गेमला कोपर गेलं.”

“सुगत, मी तेव्हा जे बोलले...”

“मला आठवतंय काय बोललीस.”

एक बगळा चिखलातून पाय उचलत चालला होता. तिला वाटलं, आता पाठ केलेलं वाक्य आठवलं तर बरं. आठवलं ते वेगळंच. “त्या दिवशी तू सापडत नव्हतास ना, तेव्हा तू गेलास असं मी धरून चालले होते. आजीला फोनवर काय सांगायचं तेही ठरवलं होतं. मग सापडलास. पण ते पाच तास कुठे गेलेच नाहीत रे. मला तू दिसलास की तेही दिसतात.”

त्यानं पहिल्यांदा मान वळवली. “तुला माहितीये ते पाच तास मी काय करत होतो?” तो म्हणाला. “पार्कमध्ये आमच्याबरोबर एक रिलीव्हर टीचर होता, बदलीवर आलेला, अमेरिकन. पोरं रडायला लागली तर त्यानं गाडीतून ग्लव्ह्ज आणि बॉल काढले. म्हणाला, जमीन हलली की फेकायचं, थांबली की झेलायचं. मी आयुष्यात पहिल्यांदा बेसबॉल हातात धरला. पाच तास, आई. सगळं शहर पडलं होतं आणि मी... सॉरी, पण तशी दुपार मला परत कधी मिळालीच नाही. तुला कसं सांगणार? तू आलीस तेव्हा तुझा चेहरा...” तो थांबला. “तो बॉल त्यानं मला देऊन टाकला.”

तिच्या पाच तासांशेजारी त्याचे पाच तास येऊन बसले होते, एकाच शहरात, एक मैलाच्या अंतरावर. ते तिला खोटे म्हणता येईनात. वारा सुटला, तिवरांची पानं पालथी झाली.

“एक सांगू?” तो म्हणाला. “पण बाबांना नाही सांगायचं.”

“फेकणं बंद केलंस तू. डिसेंबरात.”

“तक्ता पाहिलास.” तो किंचित हसला. मग खिशातून उजवा हात काढून मांडीवर उताणा ठेवला. “ही दोन बोटं. करंगळी आणि ही. ऑपरेशननंतर बधिर झाली. तीन महिन्यांत येईल म्हणाले, आता पाच होतील. बॉलवरचे टाके लागतच नाहीत. बॉल कुठे चाललाय ते सोडल्यावर कळतं. एकदा यतीनच्या डोक्यावरून गेला, एकदा जवळजवळ त्याच्या डोळ्यात. मग नाही फेकला. डॉक्टर म्हणतो, मे कम बॅक, मे नॉट.”

“बाबांना का नाही सांगितलंस?”

“रविवारी फोनवर ते किती खूश असतात. मी रोज पंचवीस फेकतो असं सांगतो, तर ते लिहून घेतात बहुतेक.”

“आणि मला का सांगतोस मग?”

त्यानं विचार केला. “तू मुळात खूश नाहीच आहेस ना. तुला सांगायला सोपं आहे.”

हे तो लागावं म्हणून बोलला नव्हता, हे तिला कळलं. म्हणूनच ते आत जाऊन बसलं, आणि नवल म्हणजे तिथे त्याला जागा होती. साडेतीन वर्षांत त्यानं तिला दिलेलं हे पहिलं काही होतं. पर्समध्ये फोन थरथरला. प्रमोद. “भेटला का? कसा आहे?” ती म्हणाली, “बसलोय आम्ही. बरा आहे.” मग सुगतकडे न पाहता म्हणाली, “उद्याचं तिकीट बदलून घेते. लॅबमध्ये मी सांगेन. चार दिवस राहते.” पलीकडून प्रमोद काहीतरी विचारत होता. “नंतर,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

“यतीनकडे एकच बेड एक्स्ट्रा आहे,” सुगत म्हणाला. “तो पण सोफा आहे.”

“चालेल मला.”

ती ओंडक्यावरून थोडी त्याच्याकडे सरकली. वाळूत उगवलेल्या गवताची एक काडी तिनं तोडली, तिचं मऊ टोक बोटावर फिरवून पाहिलं. “डॉक्टर कसं तपासतात?”

“डोळे मिटायला लावतात. कापसानं टच करतात. लागलं की यस म्हणायचं.”

“मीट.”

“आई, तू लॅबवाली आहेस.”

“मीट म्हणते ना.”

त्यानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांचा चेहरा तिला अजिबात नवा नव्हता. अंगठ्यावरून काडी फिरली. “यस.” पहिलं बोट. “यस.” मधलं. “यस, यस.” मग तिनं काडी बाजूला ठेवली, आणि त्याची करंगळी आपल्या अंगठ्यानं आणि बोटानं अलगद धरली, टोकापाशी, जिथे टाके लागायला हवे होते तिथे. बोट गरम होतं. नखाच्या कडेला पिवळा पेंट होता. ती धरून बसली. लांब पाणी परत फिरायला लागलं होतं, चिखलातल्या बारीक ओहळांतून एकेक चमक पुढे सरकत होती. सुगतचा चेहरा वाट पाहत होता, भुवया किंचित वर.

“सुरू केलंस का?” त्यानं विचारलं.

“करते,” ती म्हणाली. “थांब जरा. डोळे उघडू नकोस.”